आम्हाला तारखा द्या : वाचनालयाच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
विश्वस्त मंडळ व कार्यकारिणी सदस्य,
आपले सार्वजनिक वाचनालय

स. न. वि. वि.

सूचनाफलकावर पुढच्या बैठकीची विषयपत्रिका लागली आहे. तिच्यातला सहावा विषय वाचला आणि हे पत्र लिहायला बसलो. ‘वरचा हॉल खासगी शिकवणी वर्गास तीन वर्षांच्या कराराने देणेबाबत.’

मी वाचनालयाचा आजीव सभासद. बाजारपेठेत माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गेली अकरा वर्षं महिन्यातून दोनदा मी दुकान लवकर बंद करून वरच्या हॉलमध्ये जातो, काळे पडदे ओढतो, प्रोजेक्टर लावतो, नाटक असेल तर दिवे टांगतो. चित्रपट आणि नाटकांचे हे कार्यक्रम चालवणाऱ्या आमच्या मंडळात नऊ जण आहेत. सगळ्यांशी बोललो आहे, पण पत्र माझ्या जबाबदारीवर लिहितो आहे. ते खुलं ठेवलं, कारण हा हॉल वर्गणीतून उभा राहिला. जिन्यातल्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावं आहेत, आणि पाटीवर नाव येण्याइतकी रक्कम ज्यांनी दिली नाही अशी कितीतरी घरं गावात आहेत. माझ्या आजीने पाच रुपये दिले होते. त्या घरांनाही हा विषय कळायला हवा.

तुमची अडचण मला ठाऊक आहे. मागच्या पावसात संदर्भ विभागात बादल्या ठेवाव्या लागल्या, तेव्हा वायरिंग बघायला मीच आलो होतो. पत्रे बदलल्याशिवाय आणखी एक पावसाळा निघणार नाही. अनुदानात पगार आणि पुस्तकं भागवतानाच ओढाताण होते. शिकवणीवाले दरमहा ठरलेलं भाडं देतील, वेळेवर देतील, आणि मुलं शिकतील हेही वाईट नाही. माझी धाकटी मुलगी अशाच एका वर्गात शिकून इंजिनियर झाली. त्यामुळे शिकवणीला हॉल देऊ नका, असं मी म्हणत नाही.

मी मागतो आहे ते एवढंच : महिन्याचे दोन शनिवार आणि त्यांना लागून येणारे दोन रविवार संध्याकाळी सहानंतर (वर्षातल्या चार दुपारच्या खेळांना दुपारपासून) हॉल आमच्याकडे राहावा, मध्ये पक्की भिंत घालू नये, आणि सहा महिन्यांच्या तारखा आम्हाला लेखी मिळाव्यात. पैशापेक्षाही तारखा. नाटकात काम केलेल्या कुणालाही विचारा, ‘तारीख मिळाली का?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. नट, नेपथ्य, संगीत हे सगळं तारखेनंतर येतं.

मागच्या नोव्हेंबरात काय झालं ते गावात फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून इथे लिहितो. कोकणातून एक मंडळी येणार होती. अकरा माणसं, टेम्पो ट्रॅव्हलर, वर बांधलेलं सामान. शुक्रवारी त्यांचा एक प्रयोग दुसरीकडे होता, रविवारी आणखी पुढे, मधला शनिवार आपल्याकडे. छोटी मंडळी अशीच फिरतात. एका गावासाठी कुणी दोनशे किलोमीटर येत नाही, तीन गावं जोडली की दौरा होतो. शनिवारी दुपारी अडीच वाजता मला फोन आला की हॉल एका समारंभाला दिला आहे, तुम्ही पुढची तारीख बघा. मंडळी तेव्हा घाट चढत होती. मी त्यांना रस्त्याकडेच्या एका हॉटेलात थांबवलं, जेवण दिलं, डिझेलचे पैसे दिले. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर कलाकाराने चहाचा कप खाली ठेवत विचारलं, “मग आज प्रयोग नाही का?” मला उत्तर देता आलं नाही. ते पुन्हा आपल्या गावची तारीख घेतील का, हे त्यांना विचारायचं धैर्य मला व्हायला पाच महिने लागले. ते हो म्हणाले आहेत. म्हणूनच या वेळी तारीख तोंडी नको.

आता येत्या सहा महिन्यांत वर काय होणार आहे ते सांगतो. तुमच्यापैकी काही जण वर फारसे आलेले नाहीत. ‘सिनेमा तर मोबाइलवर दिसतो’ असं मागच्या सभेत कुणीतरी म्हणाल्याचं कानावर आलं. त्याला उत्तर म्हणून कार्यक्रमच मांडतो.

जूनमधला पहिला शनिवार फिरत्या सिनेमाचा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबू टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याला माहितीपटांच्या पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला. आपल्याच जत्रा, आपलेच ट्रक, आपलेच गंजलेले प्रोजेक्टर. जगाने ते पाहिलं, आपल्या तालुक्याने नाही. दाखवण्याच्या परवानगीसाठी पत्रव्यवहार चालू आहे. असा पत्रव्यवहार करताना समोरून पहिला प्रश्न येतो तोही तारखेचाच.

त्या संध्याकाळी माझे वडील बोलणार आहेत. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. आधी तंबूत आणि मग गावातल्या टॉकीजमध्ये ते ऑपरेटर होते. टॉकीजच्या जागी आज खताचं गोदाम आहे. केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर असत. एक रीळ वीसेक मिनिटांत संपायचं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकला की दुसरं मशीन चालू करायचं, दुसरा ठिपका दिसला की बदलायचं. प्रेक्षकांना सांधा कळता कामा नये. कार्बनच्या कांड्या जळत असायच्या, त्यांच्यातलं अंतर हाताने सांभाळावं लागे. अंतर वाढलं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या. मी लहानपणी त्या केबिनमध्ये बसून गृहपाठ केला आहे. एखादा माणूस अंधारात राहून पाचशे जणांचा उजेड सांभाळतो, हे मला तिथे दिसलं. त्यांनी आपल्या कामाबद्दल माइकसमोर कधीच बोललेलं नाही. गावातली जी पोरं आज लग्नाचे व्हिडिओ काढतात, त्यांना मी पुढच्या रांगेत बसवणार आहे.

जुलैत ‘स्थळ’. जयंत सोमलकर यांनी विदर्भातल्या गावात, तिथल्याच माणसांना घेऊन हा चित्रपट केला. २०२३ मध्ये टोरांटो महोत्सवात त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. शिकू पाहणाऱ्या एका मुलीला बघायला येणाऱ्या पाहुण्यांची ही गोष्ट. पाट, पोहे, उंची किती, रंग कसा, शेतीतलं काय काय येतं. याचा खेळ आम्ही मुद्दाम दुपारी तीनला लावला आहे, फक्त बायकांसाठी. त्यामागे एक कारण आहे. तीन वर्षांपूर्वी संध्याकाळच्या खेळानंतर मी जिन्यात कुलूप लावत होतो. एक बाई, नेहमी पुस्तक बदलायला येणाऱ्या, थांबून म्हणाल्या, “दादा, साडेसात वाजता आमच्या घरी भाकऱ्या असतात. तुमचा खेळ आम्हाला कधीच दिसणार नाही का?” आम्ही सगळी गणितं मांडली होती, पण हे डोक्यात आलंच नव्हतं. तेव्हापासून वर्षातून चार खेळ दुपारी असतात आणि त्या चार खेळांना खुर्च्या कमी पडतात. मागच्या वेळी खालच्या बालविभागातली बाकं वर न्यावी लागली. खेळ संपल्यावर त्या लगेच उठत नाहीत. बोलत बसतात. आम्ही पुरुष मंडळी तेव्हा खाली थांबतो.

मराठी चित्रपटांचं आज काय होतं ते तुम्हीही पेपरात वाचता. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातला सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. मराठी चित्रपटाचा हा केवढा मान. आणि आपल्या गावातून तो बघायचा तर चाळीस किलोमीटरवरचं मल्टिप्लेक्स, आणि तिथे लागलाच तर सकाळचा एखादा खेळ. शेतकरी, दुकानदार, शिक्षक सकाळी सिनेमाला जाऊ शकत नाहीत. गाव मराठी, चित्रपट मराठी, आणि दोघांची गाठ पडायला जागा नाही. वरचा हॉल ही ती जागा आहे. डिसेंबरनंतरच्या सहामाहीत हा चित्रपटही आणायचा आमचा विचार आहे. गावात घडणारी, दोन पुरुषांच्या प्रेमाची ती गोष्ट आहे, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. उद्या कुणी तक्रार घेऊन आलं तर तुम्हाला हे बाहेरून कळू नये. मला स्वतःला वाटतं की गावाने तो शांतपणे एकत्र बसून पाहावा.

ज्या संध्याकाळची मी सर्वांत जास्त वाट बघतो आहे ती गोकुळाष्टमीच्या आधीची. दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’, १९१९ सालचा, मूकपट. पडद्यासमोर डाव्या बाजूला पेटी, तबला आणि बासरी. तिघेही आपल्या गावातले, भजनी मंडळातले.

बाळकृष्णाचं काम फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केलं आहे. सुरुवातीला ती कृष्ण म्हणून येतच नाही. सात वर्षांची एक पोर चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते, हसते, रुसते, रागावते, आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. जादू दाखवण्याआधी फाळके हात उघडून दाखवतात. पुढे यमुनेच्या डोहात कृष्ण आणि कालिया झुंजतात, आणि काठावर गोकुळ ताटकळत उभं असतं. पाण्याखाली काय चाललंय ते आपल्याला दिसतं, त्यांना दिसत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकांनी तिथे श्वास रोखला असेल. आम्ही तालमीत पाहिला तेव्हा आमच्या तबलजीचा हात आपोआप थांबला. तिथे तबला नकोच, नुसती बासरी ठेवायची, असं त्यानेच ठरवलं.

हा चित्रपट आज आपल्याला पाहायला मिळतो तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे. १९६४ साली ते स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी आयुष्य घालून ते उभं केलं. तुकड्यातुकड्यांत मिळालेला ‘कालिया मर्दन’ त्यांनी जुळवला. फाळक्यांचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या, नाशकात स्टुडिओ घालणाऱ्या माणसाचं काम, आणि आपल्याकडे उरलंय ते बोटांवर मोजण्याइतकं. जे उरलं ते ज्या मुलांच्या मातीत घडलं त्या मुलांनी पाहू नये, हे मला सहन होत नाही. त्या खेळाला सातवी-आठवीच्या मुलांना मोफत प्रवेश आहे. मूकपटाच्या काळात पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस थिएटरात असायचा. इथे ते काम आठवीतलीच एक मुलगी करणार आहे. तिचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेत पोचतो.

कुणी म्हणेल, चित्रपटाबरोबर बाजाची पेटी हे नवंच काहीतरी. नवं मुळीच नाही. चित्रपट मुंबईत आला ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. त्याच्याही आधी कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याने पडद्यावर टाकून, सोबत निवेदन करत रामायण-महाभारत दाखवत होते. ‘शांबरिक खरोलिका’ हे त्या खेळाचं नाव. एक कंदील, काचपट्ट्या, आणि शेजारी उभा राहून बोलणारा माणूस. पडदा आणि जिवंत माणूस आपल्याकडे पहिल्यापासून एकत्र आहेत. त्यांना वेगळं आपण नंतर केलं.

त्याचंच आणखी जुनं रूप नोव्हेंबरात. रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरला असतो. त्या आठवड्यातल्या शनिवारी कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजातले चित्रकथी कलाकार येणार आहेत. मागच्या वर्षी घाटातून परत गेलेली मंडळी ती हीच. हाताने रंगवलेली चित्रं एकामागून एक मांडीवर धरून ते कथा गातात. सोबत चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ. पडद्यामागे दिवा आणि पडद्यावर रावण. या कलेसाठी पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. छायाखेळाला संपूर्ण अंधार लागतो आणि प्रेक्षक जवळ लागतात. हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात तो मरतो. आपला एकशे चाळीस खुर्च्यांचा हॉल त्याला मापाचा आहे. या एका कारणासाठीही तो राखावा असं मला वाटतं.

मधल्या ऑक्टोबरबद्दल थोडक्यात. गणपतीत हॉल बंद असतो. त्यानंतर राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या तालुक्यातल्या तीन हौशी संस्था आपल्याकडे रंगीत तालमी करणार आहेत, प्रेक्षकांसमोर. स्पर्धेच्या नाटकाचं दुःख हौशी रंगकर्मींना विचारा. तीन-तीन महिने तालमी, कर्ज काढून नेपथ्य, आणि केंद्रावर एकच प्रयोग. अंतिम फेरीत गेलं तर आणखी एक. मग नेपथ्य कुणाच्या तरी गोठ्यात. गावात दुसरा, तिसरा प्रयोग करायला जागा असेल तर ते नाटक जगतं. एकांकिकांचंही तसंच. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेत, जी १९६३ पासून चालू आहे, मुलं जीव ओतून तासाभराचं काहीतरी उभं करतात. त्यातल्या निवडक दोन एकांकिका डिसेंबरमधल्या पहिल्या शनिवारी आपल्याकडे होतील. परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र असलेल्याच संहिता आम्ही घेतो, तो कागद दरवेळी तुमच्या कार्यालयात देतो, पुढेही देऊ.

आणि डिसेंबरमधला दुसरा शनिवार ‘बायसिकल थीव्ज’चा. इटलीतला, १९४८चा. १९५२ साली भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला, त्यात तो दाखवला होता. बिमल रॉय यांच्यावर त्याचा असा परिणाम झाला की पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. एका माणसाची सायकल चोरीला जाते, आणि सायकल गेली की काम जातं. आपल्या गावातल्या कुणाला हे समजावून सांगावं लागेल? अडचण फक्त भाषेची होती. ती आपल्या महाविद्यालयातल्या चार मुलींनी सोडवली. इंग्रजी उपशीर्षकांवरून त्यांनी सगळी वाक्यं मराठीत उतरवली. पुस्तकी मराठीत नाही, आपल्या बोलण्यातल्या. मुलगा बापाला काय म्हणतो ते एका ओळीत, वाचता येईल एवढ्या शब्दांत बसवायचं, याला त्यांना दोन महिने लागले. मी त्यांना फक्त वेळा जुळवून दिल्या. वाचनालयाच्या भिंतींत हे काम झालं, तुमच्या संदर्भ विभागातल्या शब्दकोशांवर. वाचनालय याहून वेगळं काय करतं?

हा प्रश्न मी मनापासून विचारतो आहे, कारण ‘वाचनालयाचं काम पुस्तकांचं, करमणुकीचं नाही’ असंही एक मत विश्वस्त मंडळात आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. परशुराम साईखेडकर नाट्यगृह त्याच संस्थेचं आहे. त्यामुळे तिथली पुस्तकं काही कमी झाली नाहीत.

आणि शिकवणी की नाटक, असा प्रश्नच मुळात का पडावा? दादरच्या छबिलदास शाळेत दिवसा शाळा भरायची आणि संध्याकाळी त्याच इमारतीतल्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेची नाटकं होऊ लागली. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे ही माणसं तिथे उभी राहिली. धड रंगमंच नाही, वातानुकूलन नाही, खुर्च्या हलवायच्या आणि प्रयोग करायचा. त्या जागेने मराठी प्रायोगिक रंगभूमीची एक पिढी घडवली, आणि ‘छबिलदास’ हे शाळेचं नाव एका चळवळीचं नाव झालं. पुढे आविष्कार माहीमला गेली तीही शाळेतच. फळा आणि रंगमंच एका छताखाली राहू शकतात. मात्र मध्ये पक्की भिंत घातली तर नाही.

आपल्या सीमेपलीकडचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात, सागर तालुक्यात हेग्गोडु नावाचं सुपारीच्या बागांचं गाव आहे. आपल्या गावाहून खूप लहान. तिथे १९४९ मध्ये ‘नीनासम’ हे नाट्यमंडळ सुरू झालं. के. व्ही. सुब्बण्णा हे त्याचे प्राण. नाटक तर होतंच, १९७३ मध्ये त्यांनी चित्रपट मंडळही काढलं आणि जगातले चित्रपट शेतकऱ्यांना दाखवले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक सतीश बहादूर आणि चित्रपट संग्रहालयाचे नायर तिथे जाऊन रसास्वादाची शिबिरं घेत. १९८० मध्ये तिथे नाट्यशिक्षणाची संस्था झाली, १९८५ मध्ये फिरती नाटक मंडळी निघाली, १९९१ मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या सालांकडे नीट पाहा. १९४९ ते १९९१. त्यांना कुणी दर तीन वर्षांनी जागा सोडायला सांगितली असती तर यातलं काय झालं असतं? आम्हाला तर अकराच वर्षं झाली आहेत.

आता हिशेब. तुम्हाला तोच मांडावा लागणार आहे.

आम्ही प्रत्येक तारखेला अडीच हजार रुपये भाडं देऊ. वर्षातले चोवीस शनिवार धरले तर साठ हजार. रविवारचं वेगळं. सहामाहीचे पैसे आगाऊ भरू. त्यासाठी आमच्या सभासदांची वर्गणी पुरते, आणि कमी पडलं तर आम्ही नऊ जण घालू, हे आम्ही आपसात ठरवलं आहे. नाटकाचं तिकीट शंभर रुपये आहे आणि तेवढंच राहील. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्यामुळे तो गुंता तुमच्याकडे येत नाही. जुन्या चित्रपटांबाबत कायदा असा आहे की प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षांनी चित्रपटाचा हक्क संपतो. त्याहून नव्या सर्व चित्रपटांसाठी आम्ही निर्मात्यांची लेखी परवानगी घेतो. त्या परवानग्यांची फाइल माझ्या दुकानात आहे, कधीही पाहा.

शिकवणीला दोन वर्ग हवे आहेत म्हणून भिंत हवी आहे. पक्क्या भिंतीऐवजी सरकती घडीची भिंत करता येईल. मोजमाप मी घेतलं आहे. हॉल बत्तीस फूट रुंद आहे, वरच्या तुळईला रूळ बसतो, दोन माणसं ती भिंत दहा मिनिटांत गोळा करू शकतात. लाकूडकामाचा खर्च शिकवणी आणि आम्ही निम्मा-निम्मा करू असं त्या सरांशी मी बोललो आहे. त्यांची हरकत नाही. खरं तर शनिवारी संध्याकाळी त्यांचा वर्गच नसतो. त्यांचे बाक हलके, घडीचे असावेत एवढीच माझी विनंती आहे. ते उचलून ठेवायचं आणि सोमवारी सकाळी सातच्या आत परत मांडायचं काम आमचं.

खालच्या वाचन कक्षात आवाज येतो ही तक्रार खरी आहे. मी स्वतः खाली बसून ऐकला. स्पीकर थेट हॉलच्या लाकडी जमिनीवर ठेवले होते, तो घुमणारा आवाज त्यामुळे होता. आता खाली रबर घातलं आहे, आणि संध्याकाळचे खेळ वाचन कक्ष बंद झाल्यावर, साडेसातलाच सुरू करतो. दिव्यांचा भार वेगळ्या लाइनवर घेतला आहे. मागच्या वर्षी डिमर लावल्यावर खालचे पंखे मंद व्हायचे, ते आता होत नाही.

पत्र्यांचं काय, हे तुम्ही विचाराल. कार्यकारिणीची हरकत नसेल तर ‘कालिया मर्दन’ आणि चित्रकथी या दोन कार्यक्रमांचं सगळं उत्पन्न छपराच्या निधीला देऊ. त्याने छप्पर होणार नाही. पण त्या दोन संध्याकाळी जेवढी माणसं वर येतील, त्यांना मी गळती जिथे आहे ते तक्तपोशीचे डाग दाखवणार आहे, आणि वर्गणीचं पुस्तक जिन्यात ठेवणार आहे. पाटीवर नाव येवो न येवो. माझ्या आजीसारखी माणसं गावात अजून आहेत.

तुमची बैठक १७ तारखेला आहे. सहामाहीचं पत्रक २० तारखेला छापायला जातं. शाईने मळलेलं ते पिवळं पान गेली अकरा वर्षं लोक दुकानातून मागून नेतात, भिंतीला चिकटवतात, बायका स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवतात. या वेळचा मजकूर जुळवून झाला आहे. चित्रपटांची नावं, मंडळींची नावं, वेळा, तिकीट, कोणता खेळ लहान मुलांना चालेल, कोणता फक्त मोठ्यांना, सगळं. फक्त दोन रकाने मोकळे आहेत. तारीख आणि स्थळ. १८ किंवा १९ला संध्याकाळपर्यंत एक ओळ कार्यालयातून पाठवलीत तरी चालेल. मी दुकानात रात्री नऊपर्यंत असतो.

आपला,
वरच्या हॉलचा प्रोजेक्टर सांभाळणारा,
एक आजीव सभासद